तिसऱ्या भागातली मयत

कुणी मेलेलं नसताना बुरुलच्या अंगणात मयतीचा तंबू उभा राहिला.

सकाळचे नऊ वाजले होते. राजधानी बिश्केकहून आलेली पोरं लाकडाची जाळी फाकवून गोल उभी करत होती, तिच्यावर जाड लोकरीचा करडा नमदा ओढत होती, तोंडानं सूर्यफुलाच्या बिया फोडत होती आणि टरफलं तिथंच थुंकत होती. उन्हाळ्यात वर कुरणावर असा तंबू दिसला तर माणूस खूश होतो, म्हणतो चला, घोडीचं आंबवलेलं दूध मिळणार. पण ऑक्टोबरात, गावात, घराच्या दाराला खेटून? कारा-बेलमध्ये त्याचा एकच अर्थ होतो आणि तो शेंबड्या पोरालाही कळतो.

बुरुल दारात उभी होती. हो तिनंच म्हटलं होतं, त्यामुळं आता तोंड उघडायची सोय नव्हती.

गावप्रमुख शाइबेक पंधरा दिवसांपूर्वी आला होता. पाव मोडून तोंडात टाकत म्हणाला होता, "टीव्हीची मालिका गं. 'पहिला माणूस'. राष्ट्राध्यक्षाची. तिसऱ्या भागात तो मरतो, त्याच्या गावच्या घरी. त्यांना तुझं घर पसंत पडलंय. दिग्दर्शक म्हणाला, गरीब आहे पण नेटकं आहे."

"नेटकं मी ठेवलंय," बुरुल म्हणाली, "गरीब तुम्ही ठेवलंय."

शाइबेक हसला. अशी माणसं असल्या वेळी हसतातच. मग त्यानं खिशातला पत्ता टाकला. "सासऱ्यासाठी ऑक्सिजनचं मशीन मागत होतीस ना? दोन हिवाळे झाले अर्ज करून? चित्रीकरणाच्या दिवशी माझ्या गाडीतून येईल. तू ते सांगतील ते कर, संध्याकाळी मशीन उतरवून घे."

सासरा चौऱ्याऐंशीचा. मागच्या खोलीत अंगणाकडच्या खिडकीशी त्याची गादी. त्याचा श्वास फुटक्या भात्यासारखा ओढायचा आणि मध्येच थांबायचा. थांबला की बुरुल स्वयंपाकघरात हातातलं काम तसंच धरून कान लावायची. डॉक्टरीणबाईनं स्पष्ट सांगितलं होतं, मशीन नसेल तर हा हिवाळा निघणार नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, सासू त्याच्याही आधी गेली होती. घरात ही दोघंच. सून आणि सासरा. म्हणून ती हो म्हणाली. तुम्ही काय म्हणाला असता?

सांगायची गोष्ट अशी की म्हाताऱ्याचा त्या मालिकेवर भारी जीव होता. दोनच भाग झाले होते, पण दोन्ही त्यानं गादीवर उठून बसून पाहिले. कारण एकच. मालिकेतल्या राष्ट्राध्यक्षाचं नाव आणि त्याचं नाव एकच होतं. ते नाव बुरुलनं सत्तावीस वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि त्या नावात जो शब्द दडलेला असतो तोही घेत नाही. त्याचं नाव लोखंडावरून होतं. म्हणून बुरुलच्या तोंडी लोखंड नव्हतं. चुलीची पट्टी, कुदळ, दाराची कडी, सगळ्याला ती 'कडक' म्हणायची. दुकानात जाऊन म्हणायची, "दोन कडकाचे खिळे दे," आणि दुकानदार समजायचा.

"तेमिरकान!" पडद्यावरची बायको नवऱ्याला हाक मारायची, आणि म्हातारा गादीवरून म्हणायचा, "ओ!" मग स्वतःच खो-खो हसायचा, हसता हसता खोकायचा.

"पुरे करा अता," बुरुल म्हणायची; सासऱ्याला ती अता, म्हणजे बाबा, म्हणे. "घसा सोलेल."

"देऊ दे गं ओ मला," तो म्हणायचा. "माझं नाव घेणारं आता उरलंय कोण? माझ्याहून मोठे सगळे मातीत गेले. तुझी सासू तर 'ए, ऐकलं का' म्हणायची. कळपावरचा कासिम दोन वर्षांनी लहान, तोही थोरला भाऊ म्हणून 'बाइके' म्हणतो. पेन्शनवाली आडनावानं ओरडते. माझं नाव जिवंत ठेवलंय त्या डबड्यानं."

बुरुलला ते ऐकून कसंतरी व्हायचं. पण ती कशी घेणार?

*

राष्ट्राध्यक्ष झालेला नट सकाळी घरात आला, हातात मिठाईचा डबा घेऊन. शारशेन त्याचं नाव. पासष्टीचा, नाटकातला जुना माणूस, समोरचे दोन दात खोटे. रीतसर पायातलं काढून, छातीवर हात ठेवून म्हाताऱ्यापुढं बसला.

"तूच का तो," म्हातारा डोळे बारीक करून म्हणाला. "माझं नाव वापरतोस. भाडं दे."

"देतो ना अता. आज तुमच्या जागी मी मरतो. झालं भाडं?"

म्हातारा मांडी थोपटत हसला. बुरुल चहा ओतत होती, तिनं चहादाणी खाली ठेवली. "असं बोलू नका हो," ती म्हणाली. "घरात बोलू नका."

"तसं मला मरायचं नव्हतंच, पोरी," शारशेन म्हणाला. "लेखकानं लिहिलं होतं वेगळं. तिसऱ्या भागात लोक चौकात जमतात, कुंपणावरून उड्या मारतात आणि मी मागच्या दारानं विमानात बसतो. मग वरून फोन आला. म्हणे आपला राष्ट्राध्यक्ष पळून जात नाही. तो शांतपणे मरतो आणि जनता रडते."

"आपल्याकडं कुठला मेला असा?" म्हातारा म्हणाला. "सगळे चांगले ठणठणीत पळतात."

"म्हणून तर मालिका म्हणतात याला."

दोघंही हसले. मग शारशेनला रंगवायला घेऊन गेले. तासाभरानं तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा केला होता आणि हनुवटी पांढऱ्या फडक्यानं डोक्यावरून बांधली होती. तो तंबूत डाव्या अंगाला, पडद्याआड जाऊन झोपला, जिथं पुरुषाचं प्रेत ठेवतात तिथं. बाहेर गावातली वीस माणसं कमरेला पट्टे बांधून, काठ्यांवर वाकून ओळीनं उभी केली. आत बायका भिंतीकडं तोंड करून बसल्या. दिग्दर्शक अझिरेत, कानात बाळी घातलेला तिशीतला पोरगा, ओरडला, "रडा!"

आणि सगळी रडली.

बुरुलला आठवलं, ती दहा वर्षांची असताना मॉस्कोतला कुणी म्हातारा मेला होता. शाळेच्या पटांगणात थंडीत सगळ्यांना उभं केलं होतं. जो रडणार नाही त्याचं नाव बाई लिहून घेणार होत्या. बुरुल त्या म्हाताऱ्याला ओळखतही नव्हती. पण रडली. जीव तोडून रडली. चाळीस वर्षं होत आली. म्हातारे बदलले, झेंडे बदलले. रडायचा हुकूम तोच. आणि आपण इतके शिकलेलो, की हुकमानं खरं पाणी येतं डोळ्यांत. हे कौतुक आहे की शिवी, तुम्हीच ठरवा.

*

दुपारी बाराच्या सुमाराला खिंडीच्या वाटेनं एक घोडेस्वार आला. परक्या गावचा म्हातारा, डोक्यावर नमद्याची उंच टोपी. तो चालला होता आपल्या कामाला. वाटेवरून त्याला तंबू दिसला. दिसला की विचारायचं नसतं. कोण गेलं, कसं गेलं, हे सगळं नंतर. आधी रडायचं. तो घोड्यावरून उतरला आणि लांबूनच धावत सुटला, "अरे माझ्या डोंगरा! कुठं गेलास रे माझ्या डोंगरा!"

ओळीतल्या माणसांनी सवयीनं त्याला गळ्यात घेतलं, उलट रडली. अझिरेत आनंदानं वेडा व्हायचा बाकी राहिला. "कॅमेरा बंद करू नका! कुणी बंद करू नका!"

रडून झालं. म्हाताऱ्याच्या हातावर पाणी घातलं. तो पंच्याला हात पुसत म्हणाला, "कोण गेलं?"

अझिरेतची मदतनीस नुरझात फिसकन हसली. "कुणी नाही हो आजोबा. मालिका आहे. टीव्हीची."

म्हाताऱ्याचे हात पंच्यातच राहिले. त्यानं तंबूकडं पाहिलं, ओळीकडं पाहिलं, मग बुरुलकडं, कारण तिथं तीच एक घरची दिसत होती.

"मग मी रडलो ते कुणावर?"

ओळीतली माणसं कमरेचे पट्टे सारखे करू लागली.

"खरं रडलो मी," तो म्हणाला. "पोटातून रडलो. सोडलेलं रडणं आता कुठं जायचं ते?"

बुरुलनं चहा पुढं केला, त्यानं घेतला नाही. घोड्यावर बसला आणि आला त्याच वाटेनं माघारी गेला. काम राहिलं ते राहिलं.

त्यानंतर माणसं येतच राहिली. पहिल्यांदा शेजारच्या वाड्यांवरची आली, त्यांना तंबू दिसला होता. मग दूरची आली, गाड्या भरभरून. कुणी फोनवर ऐकलं होतं, "कारा-बेलचा तेमिरकान गेला." कुणी ऐकलं होतं नुसतंच, "तेमिरकान गेला." कोणता तेमिरकान हे कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं नसतंच. एकानं मेंढा आणला. नारीनकडून एक बाई आली, तिच्याकडं फोनच नव्हता. तिला कसं कळलं? ती म्हणाली, "सकाळपासून माझ्या छातीत कुणीतरी रडत होतं, म्हणून निघाले."

बुरुल प्रत्येकाला सांगायला धावत होती. "अहो, खोटं आहे. तो नट आहे. अता घरात आहेत, जिवंत आहेत." माणसं तिचे हात हातात घेत, मान हलवत, डोळे पुसत. म्हणत, "धीर धर, पोरी. सुरुवातीला असंच वाटतं."

*

दोनच्या सुमाराला ती मागच्या खोलीत गेली. म्हातारा खिडकीला टेकून बसला होता. ओठ निळे पडले होते.

"कासिम आला होता," तो म्हणाला.

चाळीस वर्षं दोघांनी एका कळपामागं काढली होती. बुरुलला जरा हायसं वाटलं. "बसला का तुमच्यापाशी?"

"खिडकीपाशी हात धूत होता. एवढ्याशा अंतरावर. मी म्हटलं, अरे कासिम, ये आत. त्यानं मान वर केली. सरळ माझ्याकडं पाहिलं." म्हाताऱ्यानं दोन श्वास गोळा केले. "आणि टोपी नीट करून घेतली. आरशात बघून करतात तशी."

"काचेवर ऊन असेल अता."

"ऊन कुठंय?"

ऊन नव्हतं. सकाळपासून आभाळ नमद्यासारखं खाली आलेलं होतं.

"मग तो तंबूत गेला आणि माझ्या नावानं रडला," म्हातारा म्हणाला. "कुत्र्याचीपण गोष्ट सांगितली त्यानं रडताना. खिंडीत लांडग्यांनी माझा कुत्रा खाल्ला होता ती. चांगलं रडतो गं कासिम. मला ठाऊक नव्हतं." त्यानं पांघरूण छातीवर ओढलं. थोड्या वेळानं म्हणाला, "मघाशी मी विचारत होतो, कोण आलं, कोण आलं. आता विचारायचं सुचत नाही. जरा लांब वाटतंय सगळं."

बुरुलनं त्याचा हात हातात घेतला. नखं जांभळी. कोपरापर्यंत हात गार.

ती अंगणात आली तर शारशेन विश्रांतीला बाहेर आला होता. हनुवटीचं फडकं सैल करून चहा पीत होता. राखेच्या रंगाखाली गालावर लाली दिसत होती, तब्येत सुधारल्यासारखा.

"दमलात?" तिनं विचारलं.

"छे. इतकं कुणी माझ्यासाठी रडलं नाही, पोरी. माझी बायकोसुद्धा माझ्या शंभराव्या प्रयोगाला जांभया देत होती." तो खिंडीकडं बघत राहिला. "तिथं लांडग्यांनी माझा कुत्रा खाल्ला. करडा होता. एक कान फाटलेला."

बुरुल एक पाऊल पुढं आली. "तुमचा?"

त्यानं चमकून तिच्याकडं पाहिलं. "कुणीतरी म्हणालं वाटतं आत. डोक्यात बसलं." त्यानं कप तिच्या हातात दिला. कप भरलेला होता, आणि चहा बर्फासारखा झालेला. "पाय तेवढे गार पडलेत. जातो आत. आत बरं वाटतं."

तो आत गेला तेव्हा लंगडत होता. म्हातारा लंगडायचा तसा, डाव्या पायानं.

*

चार वाजता अझिरेत शाइबेकला घेऊन तिच्याकडं आला.

"एजे," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो म्हणाला, "एक काम आहे. मयतीचं गाणं म्हणायला जी बाई येणार होती तिची गाडी खिंडीत बंद पडलीय. शाइबेक म्हणतो तुम्ही म्हणता."

"नवऱ्याला म्हटलं होतं. सासूला म्हटलं होतं."

"बस्स, तसंच म्हणा. फक्त त्यात नाव यायला पाहिजे. लोकांना कळायला पाहिजे ना कुणासाठी आहे. 'तेमिरकान' असं तीनदा तरी यावं. तिथं मी कॅमेरा चेहऱ्यावर नेतो."

"ते नाव मी घेत नाही."

"म्हणजे?"

शाइबेकनं त्याला कानात सांगितलं. अझिरेत हसू दाबत म्हणाला, "अहो एजे, हे तुमचे सासरे नाहीत. राष्ट्राध्यक्ष आहेत."

"अंगण माझ्या सासऱ्याचं आहे," बुरुल म्हणाली. "सकाळपासून दोनशे माणसं त्याच्या दारात त्याच्या नावानं रडून गेलीत, आणि तो आत बसून ऐकतोय. माझं तेवढं राहिलंय. मयतीच्या गाण्यात मी नाव घेतलं की झालं, शिक्का बसला. हे तुला कळत नाही, कारण तुला कुणी शिकवलं नाही. पण तुला कळतं रे शाइबेक. तू इथलाच."

शाइबेकनं नजर चुकवली आणि गाडीचं मागचं दार उघडलं. आत मशीनचं खोकं होतं. नवं, पट्ट्या न काढलेलं.

"घरातून वायर काढून ठेव," तो म्हणाला. "गाणं झालं की लगेच उतरवतो. नाही झालं तर मलाही वर उत्तर द्यावं लागतं, बुरुल. खोकं येतं तसं जातंही."

जो श्वास हवा होता तो त्या खोक्यात होता. आणि खोकं सोडवायचं तर त्याच माणसाला मेलेला म्हणायचं. ही माणसं असाच सौदा करतात, आणि वर म्हणतात आम्ही मदत केली.

ती म्हाताऱ्याकडं गेली. तो आडवा झाला होता. श्वास दिसत नव्हता. तिनं ओठांपाशी गाल नेला तेव्हा कुठं जरा लागला.

"घे," तो पुटपुटला. भिंतीतून सगळं ऐकलं होतं त्यानं. "घे नाव. एकदा ऐकू दे घरच्या माणसाकडून. त्या डबड्याला ओ देऊन कंटाळलो."

*

तंबूत दिवे लावले होते, तरी आत अंधारल्यासारखं होतं. बायका सरकून बसल्या. बुरुल भिंतीकडं तोंड करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून बसली. उजवीकडं हातभर अंतरावर पडदा. बाहेर रडणारे गप्प झाले. 

तिनं सूर लावला.

"खिंडीवरचा वारा तू, कुणाच्या हाती लागलास?
बर्फामधली वाट तू, कुणाच्या पायी मोडलीस?
खोगीर ओलं, लगाम सैल, घोडा दारी खिंकाळतो,
ज्याची वाट बघतो घोडा, त्याचं नाव…"

तिथं नाव यायचं होतं. तिनं श्वास घेतला, आणि तिची नजर खाली गेली.

पडद्याच्या कडेखालून चार बोटं बाहेर आली होती. नमद्यावर उताणी. हात पसरून काहीतरी घ्यायला थांबलेली. आणि पडद्याआडून श्वास ऐकू येत होता. फुटक्या भात्याचा. ओढणारा, मध्येच थांबणारा. सत्तावीस वर्षं ऐकलेला तो श्वास तिला हजारात ओळखू आला असता. तो इथं काय करत होता?

मागच्या खोलीत तो नसणार. तेवढं तिला लख्ख कळलं.

बुरुल उठली. मयतीचं गाणं अर्ध्यात टाकून कुणी उठत नाही. आजवर उठलेलं नाही. बायकांनी तिचा झगा धरला, तिनं हिसडून सोडवला. ती दाराचा नमदा उचलून बाहेर आली, रडणाऱ्यांच्या ओळीतून, अझिरेतच्या कॅमेऱ्यापुढून, आणि अंगणाच्या मध्यावर उभी राहिली. तंबूकडं पाठ, घराकडं तोंड.

"तेमिरकान!"

ओळीतल्या माना वर झाल्या. सून ओरडत होती. भर अंगणात, डोक्यावरचा रुमाल घसरलेला.

"तेमिरकान! इकडं ये! मी हाक मारतेय! रडत नाहीये, हाक मारतेय!"

खिडकी काळी होती. काचेत फक्त आभाळ.

"लोखंडा!" ती किंचाळली. सत्तावीस वर्षं तोंडात कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. "लोखंड, लोखंड, लोखंड! ऐकतोस का? तेमिरकान!"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग खोकला. मग काचेवर आतून एक पंजा टेकला.

"ओ!" म्हातारा म्हणाला. "ओ, ओ. बहिरा नाही मी, सूनबाई. सगळ्या गावाला कशाला सांगतेस?"

कासिम ओळीत उभा होता. त्यानं खिडकीकडं पाहिलं, डोळे चोळले, आणि खरोखर नवलानं म्हणाला, "अरे बाइके! तुम्ही कधी आलात?"

*

नुरझात पडदा बाजूला सारत होती. "शारशेन बाइके, उठा. एजेनी सगळा बट्ट्याबोळ केला. उद्या परत घ्यावं लागणार."

तो उठला नाही. चार बोटं तशीच पडद्याबाहेर होती, फक्त आता मिटली होती. रंगवणाऱ्या मुलीनं ओल्या कापसानं त्याचा गाल पुसला. राखेचा रंग निघाला, आणि खाली तोच रंग होता.

कुणी म्हणालं हृदय. कुणी म्हणालं थंडी. बुरुलला खिंडीकडं वळलेला घोडेस्वार आठवला, हातात पंचा धरून विचारणारा. तिला सकाळचं भाडंही आठवलं. ती कुणाला काही बोलली नाही. ती गाडीपाशी गेली, खोकं खांद्यावर घेतलं आणि घरात नेलं. शाइबेक मध्ये आला नाही. तिचं तोंड बघून कुणीच आलं नसतं.

आता तंबूत खरी मयत होती. आणि सगळ्यात वाईट गोष्ट पुढंच झाली. कुणालाच रडू येईना. माणसं ओळीत उभी राहिली, काठ्यांवर वाकली, तोंडं उघडली. काही आलं नाही. दिवसभराचं सगळं आधीच देऊन झालं होतं, ज्याला द्यायचं नव्हतं त्याला. सराईत रडणारी माणसं लाजेनं एकमेकांकडं बघत होती.

म्हणून बुरुल परत आत गेली. भिंतीकडं तोंड करून बसली, हात कमरेवर ठेवले आणि तेच गाणं पहिल्यापासून म्हटलं. खिंड, बर्फ, खोगीर, घोडा. आणि नावाच्या जागी त्याचं नाव घेतलं. "शारशेन," ती म्हणाली. तीनदा. ते नाव घ्यायला तिला कुणाची आडकाठी नव्हती. सकाळी तो छातीवर हात ठेवून तिच्या घरात बसला होता, मिठाई घेऊन आला होता. तेवढ्यात जेवढं रडता येतं तेवढं ती रडली. खोटं एक थेंब नाही.

कोपऱ्यात कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. तो तिनं तेव्हा पाहिला नाही.

*

तिसरा भाग दोन आठवड्यांनी दाखवला. वाहिनीनं आधी काळ्या चौकटीत शारशेनचा फोटो दाखवला आणि वरून आलेला संदेश वाचला, की थोर कलावंतानं राष्ट्राला रडायला शिकवलं. राष्ट्राला! जसं काही राष्ट्राला तेवढंच येत नव्हतं.

म्हातारा गादीवर उठून बसला होता. नाकात नळी, शेजारी मशीन मांजरासारखं घुरघुरत होतं. ओठ गुलाबी. कासिम चहा घेऊन पायाशी बसला होता. बुरुल चुलीपाशी. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा 'कडक'च म्हणत होती. नाव एकदा लागलं होतं, एकदा घेतलं.

पडद्यावर तिचं अंगण आलं. तंबू आला. घोड्यावरचा म्हातारा धावत आला आणि रडला. मग प्रेताचा चेहरा, कितीतरी वेळ. कासिम म्हणाला, "काय काम केलंय! जराही हलत नाही." आणि मग हे खरंच प्रेत आहे हे त्याला आठवलं.

मग गाणं सुरू झालं. बुरुलचाच आवाज, तिचंच रडणं. खिंडीवरचा वारा, बर्फामधली वाट. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या मेलेल्या माणसाला त्यांनी त्याचं नाव तेवढं तरी ठेवलं असेल, असं तिला वाटलं. खोगीर ओलं, लगाम सैल. ज्याची वाट बघतो घोडा, त्याचं नाव…

तिथं तिचा आवाज कापला होता. मध्ये दुसऱ्याच कुठल्यातरी बाईचा आवाज जोडला होता, गुळगुळीत, शहरी.

"तेमिरकान!"

म्हातारा हसला. सवयीनं मान उचलली, ओ द्यायला तोंड उघडलं.

बुरुल कशी उठली, कशी पोचली, तिला कळलं नाही. जिनं सत्तावीस वर्षांत सासऱ्याकडं कधी पाठ केली नव्हती, तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला. घट्ट. त्याचे डोळे विस्फारले. मग त्याला कळलं, ही हाक मेलेल्याला आहे, आणि तो हलला नाही.

"तेमिरकान!" टीव्ही म्हणाला.

कासिमनं कप दोन्ही हातांनी धरला होता. पडद्यावर चेहरा तसाच होता, मिटलेला, वाट बघणारा.

"तेमिरकान!"

खोलीत कुणीही ओ दिली नाही. मशीन घुरघुरत राहिलं. बुरुलच्या तळव्याला म्हाताऱ्याचा श्वास लागत होता, आत, बाहेर, आत. पडद्यावर साबणाची जाहिरात लागली. तरी तिनं हात काढला नाही.